नारिंगी फुलांचा गाऊन

कोल्हार,
दि. २६ नोव्हेंबर २०२३

चि. संस्कृतीस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू बंगळुरूच्या ट्रेनिंग सेंटरला सुखरूप पोहोचल्याचा फोन रविवारी आला खरा, पण त्यातला अर्धा वेळ तुझ्या आईनं रडण्यात घालवला आणि उरलेला छबूआजीनं काही ऐकू येत नाही असं ओरडून सांगण्यात. मोबाईल माझ्या हातात आला तेव्हा तुमची वेळ संपली होती. आठवड्यातून एकदाच फोन मिळणार म्हटल्यावर मी ठरवलं, आपण पत्र लिहावं. पत्र कुणी हातातून हिसकावून घेत नाही. शाळेत पत्रलेखनात मला पैकीच्या पैकी गुण मिळायचे. पुढं आयुष्यात त्याचा कुठं उपयोग झाला नाही, तो आता करून घेतो.

नगर स्टेशनवर काय झालं ते अश्विनीआत्या तुला तिखटमीठ लावून कळवेलच, त्याआधी मीच सांगतो. घरून निघताना मी सगळ्यांना बजावलं होतं की पोरगी सैन्यात चालली आहे, कुणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. तुझी आई शहाण्यासारखी पदर तोंडाला लावून उभी राहिली. गाडी हलली आणि मी मात्र धावत सुटलो. खिडकीच्या गजावर हात ठेवून सांगत होतो की घाबरू नकोस, वाघिणीसारखी राहा, बाप मागं उभा आहे. खिडकीतले गृहस्थ कानडी असावेत. त्यांनी फार प्रेमानं माझा हात दाबला. तुझा डबा केव्हाच पुढं निघून गेला होता. डोळे पुसायला माझ्याकडे रुमालही नव्हता, कारण तो मी तुझी आई रडेल म्हणून आधीच तिच्याकडे देऊन ठेवला होता.

घरातली पाठवणी तर तू पाहिलीसच. मुलगी घर सोडून निघते ती सासरी, एवढंच आपल्या गल्लीला ठाऊक. सैन्यात निघालेल्या पोरीचं काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आजीनं लग्नातलाच सगळा विधी लावला. ओटी भरली, हातावर दहीसाखर दिली, बायका रीतसर रडल्या. तू गेल्यावर शेजारच्या काकासाहेबांची म्हातारी मला बाजूला घेऊन विचारत होती की सगळं नीट झालं, पण नवरदेव कुठं दिसला नाही.

ठकीची काळजी करू नकोस. पारडू होती तेव्हापासून तू वाढवलेली म्हैस, तुझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही, हे सगळं कबूल. पण जनावरालाही माणसाची पारख असते. माझा हात लागला आणि तिनं पान्हा सोडला. संकलन केंद्रावर दूध नेहमीसारखं जातं आहे. तू ट्रॅक पॅन्टवर चढवून गोठ्यात जायचीस तो नारिंगी फुलांचा गाऊन तुझ्या आईनं धुवायला काढला होता. मी काढू दिला नाही. कारण विचारू नकोस.

बाकी सर्व क्षेम. पोटभर जेव, वरच्यांचं ऐक, आणि अंगावर गणवेश चढला म्हणून बापावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बाबा (राधाकृष्ण)


बंगळुरू,
दि. १७ डिसेंबर २०२३

ती. बाबांस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या कॉटवरची मोनिका घाबरून उठली. मोनिका आपल्या पारनेरकडची आहे. तिला तुमच्या त्या कानडी गृहस्थांची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली की तिचे वडील चुकीच्या गाडीलाच हात करत होते. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

माझे केस कापले. आईला सांगताना जरा बेतानं सांगा. आरशात पाहिलं तर तुमच्या सोसायटीच्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो दिसतो, फक्त मिशा नाहीत. सॅल्यूट कुणाला करायचा हे सुरुवातीला नीट कळलं नव्हतं, म्हणून सुरक्षित मार्ग म्हणून मी दिसेल त्याला करत सुटले. त्यात आचारी आले, न्हावी आला आणि पाण्याचा टँकर घेऊन येणारे एक काका आले. बाकीचे हसले. काकांनी मात्र टँकर थांबवून, खाली उतरून परत सॅल्यूट केला. आता ते रोज वाट बघतात.

पळण्यात मी पुढं आहे. लोणीच्या रस्त्यावर अंधारात पळायचे ते वाया गेलं नाही. कवायतीत माझा डावा पाय उजव्याचं ऐकत नव्हता, आता ऐकतो. बाकीचंही जमेल.

सकाळी शिटी वाजायच्या आधीच मला जाग येते. ठकीची वेळ ती. मोनिका सांगते की मी झोपेत उशीचे कोपरे दोन्ही हातांनी ओढत असते. एकदा तिनं पहाटे उठून विचारलं की किती लिटर झालं.

खरं सांगा, ठकीनं लाथ घातली का? पहिल्याच दिवशी तुमच्या हाताला पान्हा सोडला हे वाचून आनंद व्हायला हवा होता, पण मला वाईटच वाटलं. एवढी वर्षं तिचं केलं, आणि तिनं एक दिवससुद्धा वाट पाहिली नाही? गाऊनचं कारण विचारू नकोस म्हणालात म्हणून विचारत नाही. दुसरं काही सुचतही नाही, ती गोष्ट वेगळी.

आईला व आजीला नमस्कार. पत्र पाठवत राहा, इथं ज्याला पत्र येतं त्याचा भाव वाढतो.

तुमची,
संस्कृती


भिंगार,
दि. ६ जानेवारी २०२४

चि. संस्कृतीस,
अश्विनीआत्याचे गोड आशीर्वाद.

तुझी आत्या भिंगारला छावणीच्या भिंतीला लागून राहते, म्हणून माहेरी सगळे मला मिलिटरीतलीच समजतात. खरं तर माझा आणि सैन्याचा संबंध इतकाच, की पहाटे जवान पळत जातात त्या आवाजानं मला जाग येते आणि मी कूस बदलून पुन्हा झोपते. तरीही तू निघालीस तेव्हा मी अधिकारवाणीनं सगळ्यांना सांगितलं की तिकडं काही मिळत नाही. तुझ्या ट्रंकेत खारकांची ती पिशवी, डिंकाचे लाडू आणि तेलाचा डबा होता, तो सगळा माझ्या ज्ञानाचा प्रताप. सेंटरच्या दारातच सगळं जमा करून घेतलं म्हणे. लाडू कुणी खाल्ले ते कळलं तर कळव, चांगले झाले होते का ते विचारायचं आहे.

आता मुद्द्याचं. परवा कोल्हारला दोन दिवस राहून आले. तिथं जे पाहिलं ते पोटात ठेवलं तर मला सोसायचं नाही. दादानं देवीची शपथ घातली आहे की संस्कृतीला कळवायचं नाही. मी शपथ घेतली, आणि मनातल्या मनात लगेच सुटली म्हणून टाकलं.

तू गेलीस आणि ठकीनं पान्हा चोरला. वहिनीला जवळही येऊ देईना. दादा बसला तर अशी लाथ घातली की बादली गव्हाणीत आणि दादा शेणात. पारडू सोडून पाहिलं, आंबोणात गूळ कालवून पाहिला. ठकी आपली दाराकडे तोंड करून उभी. शेवटी छबूआजी म्हणाली की ती पोरीचा वास हुडकतीया, पोरीचं कापड अंगावर घेऊन बसा. गुडघ्यांमुळं वहिनीला खाली बसता येत नाही. मग राहिलं कोण?

बाई गं, सोसायटीचा माजी संचालक, स्वतःच्या लग्नात फेटा कडक बांधला नाही म्हणून ज्यानं वरात अडवून धरली होती, तो माझा भाऊ नारिंगी फुलांचा गाऊन घालून गोठ्यात बसतो. डोक्यावरून तुझी ओढणी, ओढणीतून बाहेर आलेल्या मिशा. तू धार काढताना गुणगुणायचीस म्हणून तोही गुणगुणतो, बारीक आवाज काढून. मी दारामागं उभी होते. हसू फुटेल म्हणून तोंडात पदर कोंबला. मग त्यानं ठकीच्या कुशीला कपाळ टेकलं, तू टेकायचीस तसं, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. तेव्हा मला हसता येईना.

मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. तसा त्याचा संशय माझ्यावरच येईल, कारण लहानपणापासून तो माझ्यावरच येतो आणि खरा असतो.

इकडची काळजी नको. आत्या अर्धवट मिलिटरीवाली असली तरी माया पुरती आहे, ती आठवणीत असू दे.

तुझी,
आत्या


बंगळुरू,
दि. २१ जानेवारी २०२४

ती. अश्विनीआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मी आधी हसले आणि मग उशीत तोंड खुपसलं. मोनिका म्हणाली, घरचं पत्र आलं की तुला काय होतं ते समजतच नाही. मलाही समजत नाही.

आत्या, कोल्हारला कळवलं नाही ते तुला लिहिते. तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून नव्हे, सांगितलंस तरी गोड करून सांगशील म्हणून. मी रस्स्यावर नापास झाले. छताला टांगलेला उभा दोर असतो, तो हातापायांच्या जोरावर चढून वर टेकायचं. मी अर्ध्यापर्यंत जाते आणि तिथंच लोंबकळते, वर नाही आणि खाली नाही. मग हात सुटतात. माझी निवड झाली तेव्हा आपल्या चौकात फ्लेक्स लागला होता, आठवतो? माझ्यामागं वाघ उभा केला होता. त्या वाघानं मला आता पाहिलं तर फ्लेक्सवरून उतरून चालता होईल.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा चाचणी आहे. तीही गेली तर माझी तुकडी पुढं जाणार आणि मला मागच्या तुकडीत टाकणार. सगळं पुन्हा पहिल्यापासून, नवीन मुलींबरोबर. खरं सांगू का, मला घरी यावंसं वाटतंय. रीतसर अर्ज दिला तर सोडतात असं इथं बोलतात.

आणि तुझं पत्र आल्यापासून मला कारणही सापडलं आहे. ठकी दूध देत नाही, बाबांना गाऊन घालावा लागतो, घरी माझी गरज आहे. कारण इतकं छान आहे की आता ते मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं आहे. बाबांनी एकदा नुसतं ये म्हटलं ना, तर मी त्याच दिवशी अर्ज देईन. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

लाडू कुणी खाल्ले ते कळलं नाही, पण गेटवरचे जवान अजून मला आदरानं वागवतात. मामांना नमस्कार, आणि भाचीवर आहे तेवढी माया तरी राहू दे.

तुझी,
संस्कृती


कोल्हार,
दि. ४ फेब्रुवारी २०२४

चि. संस्कृतीस,
आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद.

बाबांना सांगू नकोस म्हणून आत्याला जे लिहिलंस, ते तुझं पत्र भिंगारला पोहोचलं त्याच दिवशी मला फोनवर कळलं. तिनं गोड करून सांगायचा प्रयत्न केला, पण मध्येच स्वतःच रडायला लागली. म्हणजे आता तुझं मला आणि माझं तुला कळलेलं आहे. तेव्हा हो, गाऊन घातला. लाथही खाल्ली. जनावराला माणसाची पारख असते हे मी लिहिलं होतं ते खरंच निघालं, पारख केली म्हणूनच लाथ घातली.

पण पुढचं आत्यालाही ठाऊक नाही. दूध संकलन केंद्रावरचा गोरक्ष एका पहाटे कॅनचं झाकण द्यायला आपल्याकडे आला. गोठ्यात उजेड अंधुक. त्याला पाठमोरा नारिंगी गाऊन दिसला, डोक्यावर ओढणी, वर गुणगुणणं. बिचारा भला माणूस. पोरगी ट्रेनिंग सोडून पळून आली आहे, तिला आता काय बोलायचं, असं मनाशी म्हणून पाय न वाजवता परत गेला आणि फक्त एकाला सांगितलं. कोल्हारात एकाला सांगणं म्हणजे देवळाच्या भोंग्यावरून सांगणं.

देवीच्या यात्रेत बायका तुझ्या आईचा हात धरून सांगू लागल्या की असू द्या, पोरीची जात, न्हाई झेपलं तिला. काकासाहेब तर स्थळ घेऊन आले. झालं गेलं इसरू म्हणाले, पोरगं लई गुनाचं हाय. मी सगळ्यांना सांगत सुटलो की पोरगी बंगळुरूला आहे. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे, तापात बडबडणाऱ्या माणसापुढं हलवतात तशी. त्यांचा राग तरी कसा येणार, सगळे प्रेमानंच बोलत होते. मग एका संध्याकाळी चौकातून येताना पाहिलं, तर तुझा फ्लेक्स कुणीतरी उतरवून ठेवला होता. आपल्याला वाईट वाटू नये म्हणूनच उतरवला असणार. नुसती बांबूची चौकट उभी होती.

खरं सांगायचं म्हणजे गाऊनमध्ये बसतो तो मीच, आणि ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. आयुष्यभर कडक इस्त्रीत फिरलो. सोसायटीच्या सभेत माझ्या शब्दाला किंमत आहे असा माझा समज आहे. पोरीची अब्रू गेली तरी चालेल पण आपल्या मिशा खाली यायला नकोत, असा बाप मी आहे की काय, असं रात्री मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

सकाळी धार काढली आणि गाऊन उतरवलाच नाही. कॅन उचलला आणि निघालो. तुझी आई दारातच खाली बसली. आजी मात्र मागून हाक मारत आली, मला वाटलं अडवते. तिनं माझी घसरलेली ओढणी नीट केली आणि म्हणाली, जा आता.

केंद्रावर रांग होती. मी कॅन ठेवला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. गोरक्ष हळूच मागं येऊन म्हणाला की ताई, रडू नगं, हुतं असं. मग मी वळलो, मिशांसकट. म्हणालो की पोरगी बंगळुरूतच हाय, हितं तिचा बाप हाय, आन् म्हशीला त्याचाच वास खपत न्हाई. आधी कुणाला कळेना हसावं की नाही. मग जे हसायला लागले ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरचेही उठून आले. गोरक्षनं तर माझे पाय धरले. त्या दिवसापासून तो माणसाचं तोंड बघितल्याशिवाय बोलत नाही. दुपारी फ्लेक्स परत लागला. मला आता लोक गाऊनवाले तात्या म्हणतात. सोसायटीत एवढी वर्षं होतो, पण इतकी प्रसिद्धी कधी मिळाली नव्हती.

त्या गडबडीत गाऊनला चिखल लागला आणि तुझ्या आईनं तो साबण लावून धुतला. संध्याकाळी तो दोरीवर ओला लटकत होता. मी जीव मुठीत धरून माझ्या शर्टातच बसलो. ठकीनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पान्हा सोडला. म्हणजे तिला कधीपासून माझी सवय झाली होती कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी गाऊन वाळल्यावर मी तो पुन्हा घातला. तुझ्या आईला म्हणालो की थंडी आहे.

तेव्हा आता तुझ्या कारणाचं बोलू. ठकीला तुझी गरज उरलेली नाही. तिचं नाव पुढं करून येऊ नकोस. तू यावंस असं मला रोज वाटतं, दोन्ही वेळच्या धारेला वाटतं, आणि नेमकं म्हणूनच मी तुला ये म्हणणार नाही. माझ्या वाटण्यावर विसंबून तू आलीस तर उद्या दोघांनाही ते बोचेल. तुला स्वतःलाच ते काम नको झालं असेल, तर मात्र बेलाशक ये. नगर स्टेशनवर मी उभा असेन, या वेळी बरोबर डब्यापाशी. गावाची फिकीर करू नकोस, गावानं आता बघायचं काही बाकी ठेवलेलं नाही. फक्त रस्सा चढता येत नाही म्हणून येणार असशील, तर तेच कारण सांग.

मला रस्स्यातलं काही कळत नाही. चिंचेवर चढलो होतो तेव्हा उतरवायला शिडी आणावी लागली होती. पण ठकीची धार काढणाऱ्या हातांत जोर नाही, हे काही मला पटत नाही. बघ बाई.

चुकलंमाकलं पोटात घाल आणि बापाची ही वेडी माया सांभाळून घे.

तुझा,
बाबा


बंगळुरू,
दि. ३ मार्च २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रस्सा चढले.

हे आधी लिहिलं, नाहीतर आई पत्र शेवटाकडून वाचायला लागेल. तुमचं पत्र आलं तेव्हा माझा अर्ज लिहून तयार होता. कारण म्हणून घरची अडचण असं लिहिलं होतं. तुमचं पत्र वाचल्यावर ते खोडून खरं कारण लिहायला बसले, आणि रस्सा चढता येत नाही असं लिहिताना मला इतकी लाज वाटली की कागद फाडला. बाप गाऊन घालून चौकातून जातो आणि पोरीला दोर चढवत नाही, हे कुठल्या तोंडानं लिहायचं?

मग रोज संध्याकाळी सरावाला जाऊ लागले. हातांत जोर नाही हे पटत नाही असं तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं. आमच्या मॅडमनीही तेच सांगितलं, की हात उत्तम आहेत, पण तू सगळा भार हातांवर घेतेस आणि पाय नुसते हलवतेस. दोर पायांत आवळून उभं राहायचं असतं. म्हशीपाशी बसून बसून मी पायांना विसरलेच होते.

चाचणीच्या दिवशी अर्ध्यावर पुन्हा लोंबकळले. आणि नेमके तेव्हाच तुम्ही डोळ्यांसमोर आलात, ओढणीसकट. बाबा, दोरावर हसू येणं फार धोक्याचं असतं. दात आवळले, पाय आवळले आणि वर जाऊन टेकले. खाली उतरल्यावर मात्र हसत बसले, आणि मॅडमना वाटलं की मला उंचीचा त्रास झाला.

इथं सगळ्या मुलींना गाऊनची गोष्ट ठाऊक झाली आहे. मोनिका तर म्हणते की कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घेतो त्या परेडला, सगळ्यांचे आईवडील येतील, पण बघायचे आहेत ते फक्त तुमचे बाबा. परेड जूनमध्ये आहे. तुम्ही, आई आणि आत्या या. गाऊन आणू नका.

नमस्कार. लोभ आहेच, तो आता सैन्याच्या शिस्तीत रोज वाढतो आहे.

तुमची,
संस्कृती


कोल्हार,
दि. १४ जुलै २०२४

चि. संस्कृतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी सुट्टी संपली, तू नेमणुकीच्या जागी हजर झालीस, आणि घर पुन्हा मोकळं मोकळं झालं. परेडच्या दिवशी मी टाळ्या वाजवत जिच्या डोक्यावर हात ठेवला ती तू नव्हतीस, हे तुझ्या आईनं आता सगळ्या गल्लीला सांगून झालं आहे. टोप्या घातल्यावर तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता, यात माझी काय चूक? त्या मुलीनं वाकून नमस्कार केला. चांगल्या घरची असावी.

सुट्टीतल्या एका गोष्टीबद्दल मी तुझ्याशी बोललो नाही. आल्या आल्या तू तुझ्यासाठी धुऊन ठेवलेला गाऊन मोठ्या हौसेनं घालून गोठ्यात गेलीस. ठकीनं तुला हुंगलं, कान टवकारले आणि पाय उचलला. तू बादली घेऊन मागं सरलीस आणि हसत बाहेर आलीस. पण मी तुझा बाप आहे. तुझ्या आईनं तुला ताटही उचलू दिलं नाही, माहेरवाशीण आहे म्हणून. संध्याकाळी तू ओट्यावर पाहुण्यासारखी मांडी घालून बसली होतीस, आणि माझ्या मनात आलं की ठकी आपली व्हावी म्हणून एवढा खटाटोप केला, तो जरा जास्तच यशस्वी झाला.

मग तू जायच्या आदल्या पहाटे मला जाग आली, तर खुंटीवरचा माझा शर्ट नव्हता, टोपीही नव्हती. गोठ्याच्या दाराशी गेलो तर आत मीच पाठमोरा बसलो होतो. ठकी निवांत रवंथ करत होती. तू तिच्या कुशीला कपाळ टेकलं होतंस आणि बादलीत धार वाजत होती. केस कापल्यापासून ओळखपत्रावरचा फोटो दिसतो असं तू लिहिलं होतंस, ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात गोरक्ष आला. तोंड बघितल्याशिवाय बोलायचं नाही हा त्याचा नेम, पण शर्ट आणि टोपी बघून विसरला. म्हणाला की तात्या, पोरगी उद्या निघाली, आता करमायचं कसं तुमाला. मी दारामागं श्वास रोखून उभा राहिलो. तू मागं वळली नाहीस. माझ्यासारखं दोनदा खाकरलीस आणि जाड आवाजात म्हणालीस की करमंल, ठकी हाय की. गोरक्ष व्हय व्हय म्हणत निघून गेला. मी दिलं असतं तेच उत्तर तू दिलंस, आणि मी दिलं असतं तितकंच ते खोटं होतं.

मी पुढं आलो नाही. तुझी धार पुरी होऊ दिली आणि अंथरुणात जाऊन झोपेचं सोंग घेतलं. तू शर्ट परत खुंटीवर अडकवलास तेही पाहिलं.

काल तुझ्या आईनं तो शर्ट धुवायला काढला होता. मी काढू दिला नाही. या वेळी कारण विचारलंस तरी चालेल.

जिथं असशील तिथं खुशाल राहा, आणि या वेड्या बापावर लोभ असू दे.

तुझा,
बाबा